तपदर या शब्दाचा अर्थ

आमच्या दप्तरांचं नाव, आम्ही जिथे माल पाठवणार होतो त्या परदेशात, आधीच कुणीतरी नोंदवलेलं आहे असं वकीलबाई म्हणाल्या, तेव्हा मला हसूच आलं. नाव रॉयल किंवा सुपर असतं तर गोष्ट वेगळी. तसली नावं कुणाच्याही डोक्यात येतात. आमचं नाव तपदर. हा शब्द कुठल्या कोशात सापडायचा नाही. तो आमच्या घरात जन्मला, आणि बाबांनी तो कारखान्याच्या पाटीवर रंगवून घेईपर्यंत अख्ख्या जगात तो बोलणारी माणसं चार होती. आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ.

"त्यांची काहीतरी चूक झाली असेल," मी म्हणाले. "पुन्हा बघायला सांगा."

वकीलबाईंचं ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या बरोबर वर आहे. खालून मधूनमधून मशीनचा बारीक आवाज येतो आणि इथे बसलेल्यांचे दात शिवशिवतात. त्यांना सवय झालेली. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि पेनाच्या टोकाने एक ओळ दाखवली.

"चूक नाही मॅडम. फरक एकाच अक्षराचा आहे. तुमच्या नावात दुसरं अक्षर ए आहे, त्यांच्या नावात यू. उच्चार जवळजवळ सारखा, आणि माल पण तोच, शाळेच्या बॅगा. म्हणून तिकडच्या नोंदणी कार्यालयातल्या परीक्षकाने तात्पुरता नकार दिलाय. तात्पुरता म्हणजे उत्तर द्यायला आपल्याला दोन महिने आहेत."

"यू?" माझी मुलगी वाकून बघत म्हणाली. परदेशी गिऱ्हाईक तिनेच आणलं होतं, त्यामुळे या कामात ती माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे असते. "म्हणजे तूपदर? तुपाचा दर?"

ती हसली. वकीलबाईही हसल्या. माझं हसू मात्र तेवढ्यात मावळलं. धाकट्याला इंग्रजीची अक्षरं मी शिकवली होती. कपमध्ये यू, बसमध्ये यू, तेव्हा 'अ' ऐकू आला की डोळे मिटून यू लिहायचा, हा नियमही मीच त्याला दिला होता. पुढे तो नियम चुकीचा असल्याचं मला कळलं, पण त्याला सांगायचं राहून गेलं.

"मालक कोण आहे?" मी विचारलं.

वकीलबाईंनी नाव वाचलं. आडनाव माझं माहेरचं. खाली घर क्रमांक, रस्ता, गाव आणि पिनकोडसारखे आकडे. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मामा?"

नऊ वर्षांनी मला माझ्या भावाचा पत्ता मिळाला होता, आणि तोही नकाराच्या कागदावर.

शब्दाची गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. दप्तर म्हणायला धाकट्याची जीभ वळायची नाही. द आणि त यांची अदलाबदल करून तो तपदर म्हणायचा. बाबा तेव्हा एका खोलीत दोन मशीनं टाकून कॅनव्हासची दप्तरं शिवत होते. धंद्याला नाव ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेंटरला बोलावून हेच नाव सांगितलं. पेंटरने तीनदा विचारून घेतलं. पाटी लागली, आणि पुढची कित्येक वर्षं येणारा प्रत्येक माणूस आधी बाबांना सांगायचा की पेंटरने तुमची अक्षरं उलटसुलट केलीत. बाबा म्हणायचे, "पेंटर हुशार आहे. त्याच्यामुळेच तुम्ही आत आलात."

आता खोलीचा कारखाना झालाय. अकरा मशीनं, एक लांबलचक कटिंगचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी पुठ्ठ्याचे साचे. नव्या नमुन्याचं दप्तर आम्ही लोखंडी वजनं भरून हुकाला लटकवतो आणि दोन दिवस तसंच ठेवतो. पट्टा उसवला तर शिवणाऱ्याची काही खैर नसते. माझं तोंड फार वाईट आहे. कारखान्यात सगळे ते सहन करतात, कारण दुपारनंतर मी विसरून जाते हे त्यांना ठाऊक आहे. धाकट्यालाही ठाऊक असायला हवं होतं, असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगत आले.

झालं ते असं. तो तिकडे गेला त्याला आता चौदा वर्षं झाली. गेला तो सामान दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला. तीन वर्षांनी स्वतःचं लहानसं दुकान काढलं, एवढं त्याने आईला फोनवर सांगितलं होतं. दुकानाचं नाव आईने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मग आई गेली. त्याचे तिकडे कायम राहण्याचे कागद तेव्हा सरकारात अडकलेले होते. त्या काळात देश सोडला तर अर्ज बाद आणि पुन्हा पाऊल ठेवायची सोय नाही. हे सगळं त्याने मला रडत रडत सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू तिकडचाच हो. इथे तुझं आता काही राहिलेलं नाही."

मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

खरं सांगायचं तर माझा राग दोन महिन्यांत उतरला होता. उरलं होतं ते एवढंच की आधी कोणी बोलायचं. एकदा तोंडातून गेलेलं परत घ्यायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. वर्षभराने हिय्या करून फोन लावला तर तो नंबर अस्तित्वात नव्हता. पत्र पाठवलं, ते शिक्का मारून परत आलं. त्यानंतर मी एकच गोष्ट करू शकले. वर्तमानपत्रात परदेशातल्या शहरांचं तापमान छापतात, त्यात रोज सकाळी त्याच्या शहरासमोरचा आकडा बघायचा. थंडी वाढली की मी दिवसभर चिडचिड करते असं मुलगी म्हणते. इथे घाम फुटलेला असताना मला कुठली थंडी वाजते, हे तिला कळायचं नाही.

वकीलबाईंच्या कागदावर मात्र गाव वेगळंच होतं. म्हणजे मी इतकी वर्षं भलत्याच शहराचं तापमान बघत होते.

आठ दिवसांनी वकीलबाईंनी पुन्हा बोलावलं. त्यांनी तिकडून माहिती काढली होती. मुलगी वही उघडून बसली. मी पाण्याचा ग्लास हातात धरून बसले, कारण हाताला काहीतरी लागत होतं.

"दुकान आठ वर्षांपूर्वी बंद झालंय," वकीलबाई म्हणाल्या. "तिकडच्या कायद्यात सलग पाच वर्षं नाव वापरलं नाही तर ते रद्द करायचा अर्ज करता येतो. वापरतोय याचा पुरावा मालकाने द्यायचा. यांच्याकडे तो नसणार. हा रस्ता सरळ आहे."

"दुसरा?" मी विचारलं.

"संमतीपत्र. त्यांनी लिहून द्यायचं की या नावाला माझी हरकत नाही. मग दोन्ही नावं नोंदवहीत शेजारी शेजारी राहतात. पण ते त्यांच्या मर्जीवर."

"मग पहिलाच रस्ता," मुलगी म्हणाली. "आई, नाव नोंदल्याशिवाय ते लोक पहिला माल उचलणार नाहीत. आपण मुद्दाम कुणाचं काही घेत नाही आहोत. दुकान बंदच आहे."

रद्द हा शब्द ऐकला तसं मी हातातल्या ग्लासातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

"एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे," वकीलबाई म्हणाल्या. "नोंदणी दहा वर्षांची असते. मागच्या वर्षी ती संपली. दुकान बंद, धंदा बंद, तरी यांनी नोंदणी आणखी दहा वर्षं वाढवून घेतली. असं सहसा कुणी करत नाही."

"आपल्याला अडवायला," मुलगी म्हणाली.

"आपण येणार असं त्याला काय स्वप्न पडलं होतं?" मी म्हणाले. मामाबद्दल तिच्या मनात तेढ आहे आणि ती माझ्याच घरात वाढलेली तेढ आहे, तिला तरी काय बोलणार.

"आणि हे बघा," वकीलबाईंनी आणखी एक कागद काढला. "परक्या भाषेतला शब्द असला की अर्जात त्याचा अर्थ द्यावा लागतो. तुम्ही लिहिलंय, काही अर्थ नाही, मनाने बनवलेला शब्द. त्यांनी मात्र अर्थ दिलाय. इतका लांबलचक अर्थ मी आजवर कुठल्या अर्जात पाहिला नाही."

"काय दिलाय?"

त्यांनी मनातल्या मनात भाषांतर करत वाचलं. "धाकट्या भावाचं दप्तर, मोठ्या बहिणीने उचललेलं असताना."

खाली दवाखान्यातलं मशीन सुरू झालं. मुलगी वहीतून मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. वकीलबाईंनी विचारलं, "यातलं खरं कुठलं धरायचं?"

"घरी जाऊन सांगते," मी म्हणाले आणि उठले.

शाळा आमच्या घरापासून वीस मिनिटं चालत होती. धाकटा पहिलीत गेला तेव्हा मी पाचवीत होते. कोपरा ओलांडला, आई दिसेनाशी झाली की तो खांदे पाडून उभा राहायचा. मग माझं एका खांद्याला आणि त्याचं दुसऱ्याला, अशी मी हमालासारखी चालायचे आणि तो मोकळा हात हलवत पुढे उड्या मारत जायचा. हे मला आठवत होतं. चालता चालता आणखी एक गोष्ट आठवली, आणि मी रस्त्याच्या कडेला उभीच राहिले. मला ताप आला होता. चार दिवस शाळा बुडली. पहिल्या दिवशी तो घरी आला, माझ्या अंथरुणाशी बसला आणि हाताची लाल झालेली बोटं दाखवत म्हणाला, "ताई, आज मी दप्तर नेलं."

दप्तर म्हणाला होता. अगदी स्वच्छ.

कारखान्यात शिरले ती थेट कटिंगमास्तरांकडे गेले. मास्तर बाबांच्या वेळेपासूनचे. ऐकू कमी येतं, पण कात्री अजून दोऱ्याइतकीही सरकत नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "मास्तर, धाकट्याला लहानपणी दप्तर म्हणता यायचं?"

"यायचं की," मास्तर कापडावरची नजर न काढता म्हणाले. "बोलायला तो पहिल्यापासून पोपट. तुमच्या खांद्यावर असलं की तेवढं तपदर म्हणायचा. शाळा सुटल्यावर इकडे यायचात ना तुम्ही दोघं. बाबा विचारायचे, आज दप्तर की तपदर? तुम्ही आत पाणी प्यायला गेलात की मग सांगायचा."

"मला कुणी बोललं नाही कधी."

"तुम्हाला कळलं तर तुम्ही उचलणं बंद कराल, असं त्याचं म्हणणं होतं," मास्तर म्हणाले आणि कात्री पुढे सरकवली.

मी माझ्या केबिनमध्ये जाऊन बसले. केबिन म्हणजे लाकडी फळ्यांचा आडोसा, आत काय चाललंय ते बाहेर सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून मी आवाज न करता रडले. इतकी वर्षं मी लोकांना त्याच्या बोबड्या बोलाची गोष्ट सांगून हसवत होते, आणि तो बोबडा नव्हताच. माझ्यासाठी त्याने एक वेगळा शब्द करून ठेवला होता. त्याच्या परक्या गावातल्या एका सरकारी चौकटीत त्याने तो नीट समजावून लिहिला होता, कुणीही न विचारता इतका नीट. मला तो भाऊ हवा होता. नावाचं काय व्हायचं ते होवो.

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना कळवलं की रद्दबिद्द काही करायचं नाही, संमतीपत्र मागा. मुलगी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

मी त्याला स्वतः पत्र लिहायला घेतलं. रेघांच्या वहीचे कागद फाडून चार वेळा लिहिलं. पहिल्यात तीन ओळी झाल्या आणि त्या तिन्ही वाचताना मला माझीच लाज वाटली. दुसऱ्यात मी माफी मागितली आणि लगेच खाली तो कसा चुकला तेही लिहिलं. चौथं दोन पानांचं झालं. ते बरं होतं, पण त्यात आईचे शेवटचे दिवस आले होते, आणि ते वाचून त्याला वाटलं असतं की मी पुन्हा हिशेब मागतेय. वकीलबाई म्हणाल्या, त्यांचा वकील नेमलेला आहे, तेव्हा रीतसर पत्र वकिलामार्फतच जाईल, खाजगी पत्र तुम्ही वेगळं पाठवा. मी हो म्हणाले. वकिलाचं पत्र गेलं. माझं टेबलाच्या खणात राहिलं. उद्या पुन्हा एकदा वाचून टाकू, म्हणता म्हणता ते खणातच राहिलं.

मग वाट बघणं सुरू झालं. त्याचं नवं गाव एवढं लहान होतं की त्याचं तापमान कुठल्याच वर्तमानपत्रात येत नव्हतं. मुलीच्या फोनवर मात्र दिसायचं. तिचा राग हळूहळू निवळत होता हे मला असं कळलं की सकाळी आत येता येता ती नुसतं "सात" म्हणायची, किंवा "नऊ, पण ढगाळ." मी मान हलवायचे.

उत्तर बत्तीस दिवसांनी आलं. वकीलबाईंनी फोन केला तो इतक्या आनंदाने की माझा जीव वर आला आणि वरच राहिला. जिने चढताना मी एकाही पायरीवर थांबले नाही.

"मॅडम, आपण मागितलं त्याच्यापेक्षा जास्त दिलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "संमतीपत्र नाही, नावच दिलंय. संपूर्ण हस्तांतर. नाव, नोंदणी, सगळे हक्क तुमच्याकडे, काही मोबदला न घेता. त्यांची सही झालीय, साक्षीदारांच्या झाल्यात. इथे फक्त तुमची राहिलीय."

जाड कागद, लाल शिक्का, शेवटच्या पानावर त्याची सही. सही मी ओळखली. आडनावाची शेपटी तो अजून तशीच लांब ओढतो.

"आणखी काही आहे का बरोबर? चिठ्ठी?"

"नाही."

मी पाकीट उलटं करून झटकलं. वकीलबाईंनी ते बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

मी त्याला वकिलाचं पत्र पाठवलं होतं, त्याने मला वकिलाचा कागद पाठवला. फिट्टंफाट झाली. माझ्या पत्रात काय होतं? अमुक नाव, अमुक माल, आपली हरकत नसल्याचं कळवावं. ते वाचून त्याला काय वाटलं असेल? बहिणीने नऊ वर्षांनी दार ठोठावलं ते नाव मागायला. हवंय ना, घेऊन टाक. दुकान नसताना त्याने जे सांभाळलं, मुदत संपल्यावर पुन्हा दहा वर्षांसाठी हातात धरून ठेवलं, ते माझ्या एका पत्रासरशी त्याने सोडून दिलं.

मुलीने पेन माझ्यापुढे ठेवलं. मी ते उचललं, टोपण काढलं आणि सहीच्या रेघेवर नेलं. इथे तुझं आता काही राहिलेलं नाही, असं मी तेव्हा म्हणाले होते. तेव्हा ते खोटं होतं, रागाचं होतं. आता सही केली असती तर ते कायद्याने खरं झालं असतं.

मी टोपण परत लावलं.

"हे परत पाठवा," मी म्हणाले.

"परत?" वकीलबाईंना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही.

"मी संमतीपत्र मागितलं होतं. तेवढंच द्यायला सांगा. नाव त्याचं त्याच्याकडे राहू दे आणि माझं माझ्याकडे. शेजारी शेजारी राहतात म्हणाला होतात ना तुम्ही?"

"आई, अकरा दिवस राहिलेत," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि ते मला जास्त लागलं. "कागद तिकडे जाणार, ते बघणार, पुन्हा सही करणार, पुन्हा इकडे येणार. आणि नाहीच केली तर? त्यांना अपमान वाटला तर? हे पण जाईल आणि ते पण. वर्षभर खपलेय मी यासाठी."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. माझ्याच्याने होत नाही."

वकीलबाई मधे पडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांच्या वकिलाला कारण काय कळवू? काहीतरी कारण द्यावं लागेल."

मी विचार केला. खणातली दोन पानं आठवली. ती सगळी या एका ओळीत बसायला हवी होती. "लिहा की शब्दाला अर्थ आहे हे मला आत्ता कळलं. त्या अर्थाला दोन माणसं लागतात. एकटीच्या नावावर तो शब्द घेता येणार नाही."

वकीलबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मुलगी उठून खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. नंतर जिना उतरताना तिने माझा दंड धरला. तेव्हा मला कळलं की ती रागावलेली आहे, पण माझ्यावर नाही.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी वकीलबाईंना मुदत वाढवून मिळेल का विचारलं. एकदाच मिळते, थोडीच मिळते, अर्ज करते, असं त्या म्हणाल्या. सातव्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी चालू होती. मशीनं थांबली होती, बायका डबे उघडून टेबलाच्या कडेने बसल्या होत्या. मी हुकाला लटकवलेल्या दप्तराचा पट्टा बोटाने चाचपत होते. केबिनमधला फोन वाजला. कारखान्याचा नंबर पंचवीस वर्षं तोच आहे.

"हॅलो," पलीकडून आवाज आला.

तो बाबांचा आवाज होता. तसाच खर्जातला, शब्दाच्या शेवटी जरासा थकणारा. बाबांना जाऊन सतरा वर्षं झाली, आणि ते मला हॅलो म्हणत होते. मी खुर्ची ओढली, बसले, आणि मग कळलं. शेवटचा ऐकला तेव्हा त्याचा आवाज पोराचा होता. या नऊ वर्षांत तो बाबांचा झाला होता, आणि मी त्यातलं एकही वर्ष ऐकलं नव्हतं.

"ताई?" तो म्हणाला.

"हं."

"कागद परत का पाठवलास?"

"कारण लिहिलंय त्यात."

"वाचलं," तो म्हणाला. "मला वाटलं तुला नाव हवंय."

"हवंच आहे," मी म्हणाले. "अर्धं."

पलीकडे तो हसला की रडला ते मला सांगता येणार नाही. आवाज दोन्हींचा असा होता. मी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली होती. मी ती ओढून काढली.

"मी आई गेली तेव्हा जे बोलले ना," मी म्हणाले, "ते खोटं होतं. तेव्हापण खोटं होतं. फोन ठेवलास तेव्हाच सांगणार होते, पण तू फोन ठेवला होतास."

"तू सांगशील म्हणून मी तो नंबर दहा महिने चालू ठेवला होता ताई," तो म्हणाला. "मग गाव सोडलं."

मी बारा महिन्यांनी केला होता. ते त्याला सांगितलं नाही. आज नाही.

"सही मी आजच करून पाठवतो," तो म्हणाला. "पण खरं सांगू का, मी आता बॅगा शिवत नाही. दुकान चाललं नाही माझं."

"मग काय करतोस?"

"मोठी गोष्ट आहे."

"असू दे," मी म्हणाले. "सांग."

तो सांगायला लागला. बाहेर सुट्टी संपली, डब्यांची झाकणं लागली आणि एकामागून एक अकराही मशीनं सुरू झाली. मी दुसऱ्या कानात बोट घातलं आणि ऐकत राहिले.